मामांनी जुळवलेला कॉम्प्युटर

या जगात कोणती वस्तू कोणत्या वस्तूत बसणार नाही, हे माझ्या मामासासऱ्यांना जितकं ठाऊक आहे तितकं प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही नसावं. त्याला ठाऊक असतं तर माणसं जोडताना त्याने इतका घोळ घातला नसता, असं मामांचं म्हणणं. माझ्या बायकोचे हे मामा लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्या चाळीत कुकरला शिट्टी, नळाला वायसर किंवा छत्रीला दांडा बसवायचा झाला तर तो आधी मामांना दाखवायचा, असा अलिखित नियमच आहे. मामा ती वस्तू हातात घेतात, उजेडात धरतात, एक डोळा बारीक करतात आणि विचारतात, "बसतला काय?" हा प्रश्न समोरच्या माणसाला नसतो, त्या वस्तूलाच असतो. तिच्याकडून काय उत्तर येतं ते त्यांनाच ऐकू येतं. शेजारच्या एका बाईंनी एकदा मामांना न दाखवता मिक्सरचं भांडं आणलं आणि ते चक्क बसलं, तेव्हा मामा बरेच दिवस अस्वस्थ होते. पुढे ते भांडं गळायला लागलं आणि मामांना जेवण गोड लागायला लागलं.

हा गुण वस्तूंपुरता असता तर ठीक होतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पगार विचारला, सासूबाईंनी गाव विचारलं, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या या गृहस्थांनी विचारलं, "रात्री पंखा कितीवर लावता?" मला वाटलं काहीतरी गंमत असेल. मी हसून म्हणालो, "फुल." मामा गंभीरपणे म्हणाले, "आमची पोर दोनवर झोपते. बाकी सगळा जमता, पण ह्या जरा बघूक होया." लग्न झालं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, संसारही बरा झाला. पण आमच्या भोईवाड्यातल्या घरात आजवर जी काही कडाक्याची भांडणं झाली, ती सगळी पंख्यावरून झाली आहेत. प्रत्येक भांडणानंतर बायको मामांना फोन करते आणि मामा एवढंच म्हणतात, "मी तेव्हाच सांगितलेलं गो."

मामांची सारी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. दार नीट का लागत नाही, पाळणा मजल्याच्या दोन बोटं वर का थांबतो, हे बघण्यात आयुष्य घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय? मामी होत्या तोवर त्यांनी मामांना डबे आणि त्यांची झाकणं यात गुंतवून ठेवलं होतं. त्या गेल्या आणि मामा मोकळे झाले, म्हणजे रिकामे झाले. अशात माझ्या पुतण्याने इंटरनेटवरच्या सेलमध्ये स्वस्तात गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. प्रोसेसर एका ठिकाणाहून, मदरबोर्ड दुसऱ्या ठिकाणाहून असं करत सामान घरी आलं आणि प्रोसेसर काही मदरबोर्डमध्ये बसेना. पुतण्या रडवेला झाला. त्या दिवशी मामा सहज आमच्याकडे कुळथाची पिठी घेऊन आले होते. त्यांनी डबा खाली ठेवला, भिंग मागितलं, दोन्ही वस्तूंकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "दोघंही चांगल्या घरची आहेत. पण जमायचं नाही. ह्याचे पाय निराळे, तिचा पाट निराळा." पुतण्या जे पाऊण तास इंग्रजीत वाचत होता ते हेच होतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मामांचा चेहरा उजळला होता. एकमेकांत न बसणाऱ्या वस्तूंचं एवढं मोठं विश्व आपल्याला न सांगता जगात निर्माण झालंय, याचा त्यांना आनंद आवरत नव्हता.

तेव्हापासून लालबाग-परळमधल्या कुठल्याही घरात गेम खेळायचा कॉम्प्युटर यायचा असेल, आणि बापाचा खिसा लहान असेल, तर मामांना बोलावणं येतं. मामांनी स्वतः जन्मात एकही गेम खेळलेला नाही. "गेम म्हणजे काय, पोर कोणालातरी मारता आणि मशीन तापता. पोराक त्याचो बाप बघतलो, मशीन तापूचा नाय ह्या मी बघतंय," एवढीच त्यांची गेमची व्याख्या. मात्र खरेदीचे त्यांचे नियम ठाम आहेत. पहिला नियम, पॉवर सप्लाय स्वस्तातला घ्यायचा नाही. "जावई, घरातला कमावता माणूस अशक्त असला की सगळ्यांची तोंडं उतरतात." दुसरा नियम, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच ताकदीचं बघायचं, कारण एक धावतंय आणि दुसरं धापा टाकतंय अशी जोडी कुणाच्याच कामाची नाही. तिसरा नियम, कार्ड घेण्याआधी पेटीची लांबी टेपने मोजायची. दुकानदार लांबी सांगतो, ती मामा मानत नाहीत. शिंप्याचा टेप खिशातून काढून ते स्वतः मोजतात, आणि दुकानातल्या चारचौघांत मला त्याचं एक टोक धरायला लावतात. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांना आता हे पाठ झालंय. सुरुवातीला एकजण वैतागून म्हणाला होता, "अंकल, सब चलता है." मामा त्याला म्हणाले, "चलता है वो रस्त्यावर. मेरे को बैठता है क्या, वो बोलो." काचेची पेटी आणि तिच्यात लाल-निळे दिवे दाखवले की मामा माझ्याकडे वळून, दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "वरातीची लायटिंग हा. नवरो खंय हा ता बघा."

आणि शेवटचा नियम पूजेचा. जुळवलेलं मशीन पहिल्यांदा चालू करण्याआधी पेटीला कुंकवाचं बोट, समोर नारळ आणि मामांचं गाऱ्हाणं. "बा देवा महाराजा, ह्या लेकरान आज जा काय मशीन घेतला हा, तेका लायटीचो झटको, पाण्याची ओल, शेजाऱ्याची नजर लागली आसात तर ती दूर कर रे महाराजा!" यावर घरातल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. टी-शर्टवर कवटीचं चित्र असलेली कॉलेजची पोरंसुद्धा हात जोडून म्हणतात. मी एकदा म्हटलं, "मामा, कॉम्प्युटरला गाऱ्हाणं?" तर म्हणाले, "लिफ्टला घालत होतो. एकपण पडली नाय."

आता त्यांच्या ड्रायव्हर मित्राविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. हे गिरगावातल्या एका वाडीत राहणारे कॅथलिक गृहस्थ, पिढ्यानपिढ्या मुंबईचेच. मामा नोकरीला जायचे ती बस हे चालवायचे. मामांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. चालकाशी बोलू नये अशी पाटी डोक्यावर असल्याने, आणि मामा पाटी मानणारे असल्याने, पहिली काही वर्षं ही मैत्री फक्त आरशातून चालली. कोणी मधे घुसलं की ड्रायव्हर आरशात भुवई उडवायचे आणि मामा मान हलवायचे. पुढे एकदा बस बंद पडली, दोघं रस्त्यावर उतरले आणि इतकं बोलले की दुसरी बस आली तीही सोडली. तेव्हापासून नाताळला कलकल आणि दोदोल असे गोड पदार्थ लालबागला यायचे आणि गणपतीत मोदक गिरगावात जायचे. ड्रायव्हरांचा आवाज म्हणजे हॉर्नची गरज नाही असा. खिडकीतून डोकं काढून त्यांनी "ए हिरो!" म्हटलं की पुढचा मोटरसायकलवाला थेट फुटपाथवर चढायचा.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, डावा पाय ओढत का होईना चालू लागले, पण जीभ जड झाली. शब्द बोबडे यायचे. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, सुधारेल. ड्रायव्हरांनी दोनचार दिवस प्रयत्न केला, मग कुणा पाहुण्याच्या लहान मुलीला त्यांच्या बोलण्याचं हसू आलं आणि त्यांनी बोलणं बंदच करून टाकलं. पाणी हवं तर बोट दाखवायचे. कोणी आलं की तोंड भिंतीकडे करायचे. मामा आठवड्यातून दोनदा जायचे, समोर बसून एकटेच बोलायचे आणि परत यायचे. एकदा तिथून थेट आमच्याकडे आले. चहा समोर ठेवला तो तसाच राहिला. "ह्या माणसान सगळा परळ ओरडून बाजूक केल्यान होता रे," ते म्हणाले, "आणि आज माका बघून तोंड फिरवल्यान. आवाज हा त्याच्यात. तो लाजता." आणि मामा रडले. मामी गेल्या तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "तो असोच आणखी थोडे दिवस गप्प रवलो तर कायमचो जातलो," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्याच वेळी आतल्या खोलीत पुतण्या गेम खेळत होता आणि त्याच्या पडद्यावर एक बस वळण घेत होती. मामांनी डोळे पुसले आणि उठून आत गेले. "ह्येच्यात बस चालवूक गावता?" त्यांनी विचारलं. पुतण्या म्हणाला, "हो मामाआजोबा, स्टिअरिंगपण मिळतं. स्टॉप येतात, पॅसेंजर चढतात, सगळं." मामा बाहेर आले ते चपला घालूनच. म्हणाले, "जावई, उठा. पिशवी घ्या."

मामांनी आजवर जुळवलेल्या सगळ्या मशिनांत या एका मशीनने त्यांना घाम फोडला. पैसे आंटींनी, म्हणजे ड्रायव्हरांच्या बायकोने, गाठीला ठेवलेले तेवढेच. त्यात मामांनी आपले चार घातले असते, पण मित्राला कळलं तर तो मशीनला हात लावणार नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुन्हा हे गिऱ्हाईक काही साधं नव्हतं. पंखे आवाज करणारे नकोत, कारण पलीकडच्या खोलीत आंटी संध्याकाळी जपमाळ घेऊन रोझरी म्हणतात. मामा दुकानात चालू पेटीला कान लावून बसायचे आणि रस्त्यावरच्या हॉर्नवरून दुकानदाराशी वाद घालायचे. पेटी फार उंच नको, कारण ती येशूच्या तसबिरीखालच्या टेबलाशेजारी बसायला हवी आणि मेणबत्तीची धग तिला लागता कामा नये. स्टिअरिंग चांगलंच हवं, कारण ज्याने आयुष्यभर खरं चाक फिरवलं त्याच्या हातात खेळणं कसं द्यायचं? आता स्टिअरिंगला पैसे गेले म्हणजे कार्ड एक पायरी खाली आलं. कार्ड खाली आलं म्हणजे प्रोसेसरही खालचा घेतला पाहिजे, नाहीतर जोडी बिघडली. प्रोसेसर बदलला तर मदरबोर्ड बदलला, मदरबोर्ड बदलला तर आधी पसंत केलेली रॅम त्यात बसेना. दुकानदार म्हणाला, "अंकल, पॉवर सप्लाय हलका ले लो, सब सेट." मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच चहा सांगायला बाहेर गेला. असे आम्ही किती शनिवार त्या रस्त्यावर काढले ते विचारू नका. मला आता दोन रॅममधला फरक खाचेवरून कळतो, आणि हे ज्ञान माझ्या ऑफिसात कुणालाही नको आहे.

अखेर सगळं जुळलं. दिव्यांशिवायची एक काळी लोखंडी पेटी, आत एकमेकांना साजेसे भाग, कुणी वरचढ नाही, कुणी लेचंपेचं नाही. मामांनी ते मशीन एक रात्र-दिवस आपल्या खोलीत चालवून बघितलं. पेडलचा जोड मुद्दाम दोनच पेडलांचा घेतला, क्लच नको, डाव्या पायाला काम पडायला नको. रविवारी सकाळी टॅक्सीत पेटी मांडीवर घेऊन आम्ही गिरगावात पोचलो. लाकडी जिन्यावरून ती वर नेताना मामांनी मला इतक्या वेळा "हळू" म्हटलं की शेजारच्या घरातली माणसं आजाऱ्याला आणलं की काय म्हणून बाहेर आली.

ड्रायव्हर खिडकीशी बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मामांनी तिकडे लक्ष न देता टेबलावर सगळं मांडलं, सुटी आणलेली रॅम बसवली, वायरी जोडल्या, नारळ ठेवला. आंटींनी आपणहून तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. मामांनी त्यांच्या देवाला आणि आपल्या देवाला मिळून एकच गाऱ्हाणं घातलं, आणि "व्हय महाराजा" म्हणायला मी आणि आंटी दोघंच होतो. मग मामांनी बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. पुन्हा दाबलं, काळाच. मामांनी वायर काढली, फुंकली, परत लावली. पडदा काळा तो काळा. "काल चलत होता," ते मलाच सांगत होते. "घरी चलत होता रे." आंटी हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ना बाबा. पुढच्या रविवारी बघ." पण मामांना ठाऊक होतं, आणि मलाही, की भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला असं दुसऱ्यांदा वळवता येत नाही.

मामांनी पेटी उघडली. एकेक भाग चाचपत ते रॅमशी आले, ती उपसली, भिंग लावून खाचेत पाहिलं आणि तसेच थिजले. मी वाकून पाहिलं. खाचेच्या तळाशी तांदळाचा एक पिवळा दाणा होता. अक्षत! इतर मशिनांना मामा बाहेरून कुंकू लावायचे. हे मशीन मित्राचं म्हणून त्या दिवशी सकाळी, घरून निघण्याआधी, पेटी उघडून त्यांनी देवाच्या अक्षता आत टाकल्या होत्या. वरून हलकेच, आशीर्वाद म्हणून. त्यातली एक रिकाम्या खाचेत पडली, आणि टॅक्सीत हादऱ्याने सुटायला नको म्हणून काढून ठेवलेली रॅम इथे येऊन मामांनी तिच्यावरच दाबून बसवली. उभ्या जन्मात कशात काय बसत नाही हे लोकांना सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने खाचेत तांदूळ पेरला होता.

आंटींनी दात कोरायची काडी आणून दिली. मामांनी दाणा वर काढला आणि तळहातावर घेतला. त्यांचा चेहरा केविलवाणा झाला होता. "बरक्कत येऊ दे म्हणून टाकलंय रे," ते त्या दाण्यालाच समजावत होते. आणि खिडकीकडून एक आवाज आला. आधी मला वाटलं ड्रायव्हरांना ठसका लागला. आंटी धावल्या. पण ते हसत होते. तोंड वाकडं होत होतं, लाळ ओघळत होती, आणि ते मामांच्या तळहाताकडे बोट दाखवून पोट धरून हसत होते. किती महिन्यांनी त्या घरात तो आवाज निघाला होता. मामा आधी चिडले. "हस मेल्या, हस!" म्हणाले, आणि मग त्यांनाही आवरेना. दोन म्हातारे एका तांदळापायी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि आंटी पदराने तोंड झाकून दाराआड जाऊन रडल्या.

मामांनी रॅम परत बसवली, बटण दाबलं आणि पडदा उजळला. ड्रायव्हर स्वतः उठून खुर्चीवर आले. कुठलंसं परदेशातलं गाव, बर्फ पडतंय, स्वच्छ रिकामे रस्ते. त्यांनी चाकावर हात ठेवले आणि त्यांची पाठ सरळ झाली. महिनोन् महिने फरफटत आलेला त्यांचा डावा पाय टेबलाखाली हळूहळू पुढे सरकून क्लच शोधू लागला. क्लच नाही हे कळल्यावर त्यांनी मामांकडे तुच्छतेने पाहिलं. मामांना एवढा आनंद मी कुठल्याही कौतुकाने झालेला पाहिला नाही. बस निघाली. सिग्नलला थांबली, वळणावर मंदावली. मामा मागच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी गुडघे धरून पाहत होते. एक स्टॉप आला, माणसं चढली, आणि दूर रस्त्याच्या टोकाला एक म्हातारी बाई पिशवी घेऊन सावकाश चालत येताना दिसली. वेळ संपत आल्याचं चिन्ह पडद्यावर लाल होऊन लुकलुकायला लागलं. पुतण्याने शिकवलं होतं तसं मी म्हणालो, "निघा आता, पॉइंट कापतात."

ड्रायव्हरांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही. समोर बघतच, जड जिभेने, एकेक अक्षर ओढून आणत ते म्हणाले, "येऊ दे... तिला."

म्हातारी आपल्या चालीने आली, चढली, दार बंद झालं आणि मग बस हलली. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

आता ड्रायव्हर रोज संध्याकाळी बस काढतात. बोलणं पूर्ण आलेलं नाही, येईलसं वाटतही नाही. जे चार शब्द येतात ते बसचेच येतात. लाल चिन्हांमुळे त्यांची त्या गेममधली श्रेणी इतकी खाली गेली आहे की पुतण्या तोंड लपवतो. मामांचे गुडघेही अलीकडे कुरकुरायला लागले आहेत. तरी आठवड्यातून दोनदा ते लालबागहून गिरगावात जातात, तो लाकडी जिना कठड्याला धरून चढतात आणि मित्राच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसतात. बाहेर दिवे लागतात, आत परक्या गावात बर्फ पडत राहतं, पलीकडे आंटींची रोझरी चालू असते. शेवटचा स्टॉप आला की मामा उठतात आणि जिन्याकडे निघतात. तेव्हा ड्रायव्हर चाकावरचे हात न काढता, मागे वळूनही न बघता, सगळा जोर एकवटून म्हणतात, "सांभाळून... उतर."

मामा सांभाळून उतरतात.